चुलीचं डावं तोंड

भुवनक्काच्या डाव्या अंगाला कुणीतरी बसलंय आणि ते वस्तू गिळतंय, ही गोष्ट तिने आठ महिने कुणाला सांगितली नव्हती.

आधी पळी गेली. मग मिठाची वाटी. मग पानातला अर्धा दोसा. वस्तू डावीकडे ठेवली की संपलं. ना पडल्याचा आवाज, ना कुणाचं पाऊल. चोर असता तर निदान कुत्रं भुंकलं असतं. एकदा तर साक्षात नवरा गेला. विघ्नेश्वर हेगडे सुपारीच्या भावाबद्दल बडबडत उजवीकडून डावीकडे निघाले आणि मधेच संपले. आवाज येत राहिला, शिरसीच्या बाजारात काय चाललंय ते सांगत राहिला, पण माणूस नाही. भुवनक्काने हातातलं काम सोडलं नाही. फक्त मानेवरचे केस ताठ झाले.

चैत्रात तिला झटका आला होता. ताक घुसळता घुसळता रवीची दोरी डाव्या हातातून सुटली आणि तिच्या मागोमाग तीही खाली आली. हुबळीच्या दवाखान्यात महिना गेला, बंगळूरला मुलाकडे दोन महिने गेले. डावा पाय थोडा फरफटत का होईना, परत आला. हात आला नाही. तो खांद्याला टांगल्यासारखा तिच्यासोबत हिंडायचा. त्याला ना गार कळे ना गरम. दवाखान्यात व्यायाम करून घेणारी पोरगी होती, ती म्हणाली होती, "आजी, डोळे तुमचे उत्तम आहेत. डोकंच डावी बाजू विसरलंय. मान वळवायची, डावा खांदा दिसेपर्यंत. रोज." भुवनक्का हो म्हणाली. पण जिथे काही नाहीच, तिथे मान वळवून बघायचं सुचणार कुणाला? आपल्या पाठीमागे आणखी एक पाठ आहे का, हे कुणी बघतं का?

बाकी हाताचं म्हणाल, तर तो तमाशा सगळ्या बाळेकेरीने पाहिला होता. एका हाताने ती काय काय करायची. विळीच्या पाटावर उजवा गुडघा रोवून बसायची. पातं जागचं हलत नाही, भाजीच चालत त्याच्याकडे जाते, त्यामुळे सुरण म्हणू नका, कच्चं केळं म्हणू नका, पटापट फोडी पडायच्या. नारळ उखळाच्या खळग्यात बसवून कोयत्याचा एकच घाव. काडेपेटी गुडघ्याखाली दाबून काडी ओढायची. पातेल्याखाली ओलं फडकं, म्हणजे ढवळताना ते फिरत नाही. डब्यांची झाकणं पायांच्या बेचक्यात. आणि भात वेळायचा तर उकळतं पातेलं कलतं करण्याच्या फंदातच पडायचं नाही. झाऱ्याने भात उपसून बांबूच्या रोवळीत टाकायचा, पेज आपोआप खाली. दूध घ्यायला येणारा बसवण्णा खिडकीशी इतका वेळ उभा राहायचा की पुढच्या चार घरांचं दूध नासायचं. सिद्धापूरकडची माणसं मुलगी बघायला आली की विचारू लागली होती म्हणे, "एका हाताने करता येतं का हो मुलीला?"

लोक उजवा हात बघायचे आणि वाहवा करायचे. डावीकडे काय चाललंय ते बघायला भुवनक्का कुणाला वेळच देत नसे. सगळं सामान तिने गुपचूप उजव्या भिंतीला आणून ठेवलं होतं. चूल दोन तोंडांची होती, पण ती फक्त उजवं तोंड पेटवायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "दोघांच्या जेवणाला कशाला हवीत दोन तोंडं? बोलायला तुमचं एक पुरतं."

हे सगळं लपवायचं कारण बंगळूरात होतं. मुलाचं घर सातव्या मजल्यावर. प्रसन्न चांगला मुलगा, सून गुणाची. पण त्या घरात भुवनक्का एकदा न्हाणीघरातून निघाली, सरळ चालत गेली, आणि उजव्या गालाला वारा लागला. कमरेला काहीतरी गार टेकलं होतं. खाली बघितलं तर मोटारी काडेपेट्यांएवढ्या. गॅलरीचं दार कधी ओलांडलं, कठडा कधी आला, काही पत्ता नाही. त्या घराचं डावं अंग तिने कधी पाहिलंच नव्हतं, तर ते आठवणार कुठून? बाळेकेरीच्या घरात चव्वेचाळीस वर्षं गेली होती. इथे अर्धं घर तिला दिसायचं आणि उरलेलं अर्धं तोंडपाठ होतं. स्वयंपाकघरात शिरलं की डावीकडे ताक घुसळायचा खांब, मग लाकडांचा ढीग, मग चुलीचं डावं तोंड. दिसत नसलं तरी असायचं. बंगळूरात काही म्हणजे काहीच नव्हतं.

आणि प्रसन्नने फोनवर सांगून टाकलं होतं, "आयी, मार्गशीर्षात आजीची तिथी आहे. तू नेहमीसारखी केलीस, धड पार पडली, तर तिथेच राहा, मी एक शब्द बोलणार नाही. नाहीतर संक्रांतीच्या आत बाग खंडाने देऊन दोघांनी इकडे यायचं. लीलत्ते येतेच आहे. ती काय सांगेल तो निकाल."

लीलत्ते म्हणजे लीलक्का, विघ्नेश्वरांची थोरली बहीण. कुमट्याला दिलेली. वय चौऱ्याहत्तर, डोळ्यांत मोतीबिंदू, पण कान असे की कुमट्यात बसून बाळेकेरीत नारळ पडलेला ऐकेल. तिथीच्या आदल्या दिवशी ती मोटारीतून उतरली ती उंबऱ्यातूनच बोलत आली.

"भुवने, बारीक झालीस गं. एक हात खातो, दुसरा बसून असतो, म्हणून होय?"

"तो तुमच्यावर गेलाय, अत्तिगे. बसून असतो आणि काही ऐकत नाही."

नणंदेला ती अत्तिगेच म्हणायची. लीलक्का हसली. पण रात्री जेवताना तिने भुवनक्काच्या पानाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं असं भुवनक्काला वाटलं.

त्या घरचा रिवाज असा, की पितरांचा स्वयंपाक घरच्या गोत्राच्या बाईनेच करायचा. लेक दुसऱ्या गोत्रात गेली की तिने आईच्या तिथीला चुलीपाशी यायचं नाही. उंबऱ्याबाहेर पाटावर बसायचं, बोलायचं हवं तेवढं, पण आत पाऊल टाकलं तर सगळा स्वयंपाक बाटला. म्हणजे आत एकटी भुवनक्का. त्यात चाखायचं नाही. पितरांच्या आधी मिठाचा कणसुद्धा जिभेला लागता कामा नये. आणि दवाखान्यातून हाताला अडकवायला झोळी दिली होती, ती शिवलेली, चार ठिकाणी हात लागलेली, ती सोवळ्यात चालायची नाही. तेव्हा त्या दिवशी झोळी खुंटीला आणि हात मोकळा. आता तो कुठे असेल हे त्याचं त्यालाच ठाऊक.

सकाळी विघ्नेश्वरांनी ओल्या पंच्याने येऊन तिच्या सोवळ्याच्या लुगड्याची गाठ मारून दिली.

"जमेल ना गं?"

"गाठ नीट मारा. सुटली तर मग खरंच जमायचं नाही."

तिने उजवं तोंड पेटवलं. मिऱ्याचं सार, कच्च्या केळ्याची भाजी, सुरण, काकडीची हशी म्हणजे दह्यातली कोशिंबीर, पायस, भात, शेवटी वडे. एकामागून एक. एकाच तोंडावर. मनात तिने क्रम घोकून ठेवला होता. भाताला लागलेला हात खरकटा, तो दह्याला लावायचा नाही. एरवी बायका एक हात भाताला ठेवतात आणि एक दह्याला. हिच्याकडे एकच. म्हणून उजव्या अंगाला पाण्याचा हंडा, आणि दर घडीला हात धू, हात धू. बोटं पांढरी पडून सुरकुतली होती.

"भात काढतेस की मासे पागतेस गं, मारायती?" उंबऱ्यातून लीलक्का. झारा आणि रोवळी बघून तिला राहवेना. "आमच्या कुमट्याचे कोळी असंच करतात."

"मग तुमच्या ओळखीचंच आहे. जीव रमेल तुमचा."

"माझी आई असती तर तुला हाकलून दिलं असतं चुलीपासून."

"त्या मला रोजच हाकलायच्या. मग दुपारी जेवायला कुणी घालायचं म्हणून परत बोलवायच्या."

असं बोलणं चाललं होतं आणि भुवनक्काच्या काखेत घाम होता. तोंडाने उत्तरं द्यायची, कानांनी सार उतू जातंय का ते ऐकायचं, आणि मनात सारखं, डावीकडे काही ठेवायचं नाही, डावीकडे काही ठेवायचं नाही.

तिने ठेवलं नाही. ठेवलं दुसऱ्याने.

विघ्नेश्वर हेगडे तीळ न्यायला आत आले होते. भटजी पाय धुऊन बसले होते, वेळ होत आली होती, आणि चुलीचं एक तोंड नुसतं आ वासून पडलेलं. बिचाऱ्यांना वाटलं, अशाने वडे व्हायचे कधी? आयुष्यात स्वयंपाकघरातलं एक काम न केलेल्या माणसाला त्या दिवशी मदत करायची बुद्धी झाली. त्यांनी डाव्या तोंडात तीन लाकडं सारली, करवंट्या टाकल्या, निखारा सरकवला आणि तेलाची कढई काठोकाठ भरून वर ठेवली. मग बायकोच्या डाव्या बाजूला उभं राहून म्हणाले, "तेल चढवलंय हं."

भुवनक्का पायसात गूळ विरघळवत होती. चव्वेचाळीस वर्षं नवऱ्याच्या बोलण्याला ती जे म्हणत आली तेच म्हणाली. "हं."

ते गेले. लाकडं दमट होती, धुमसत राहिली. चूल पेटली आहे हे तिला माहीत नव्हतं. उंबऱ्यातल्या लीलक्काच्या आणि कढईच्या मधे ताकाचा खांब.

मग वाढायची वेळ झाली. मधल्या खोलीत केळीची पानं मांडली होती. एकावर ईश्वर भट्ट, दुसऱ्यावर त्यांचा पुतण्या. ईश्वर भट्टांबद्दल काय सांगावं. एका मुंजीत त्यांनी इतक्या पुरणाच्या होळिग्या खाल्ल्या की आचारी मागच्या दाराने पळाला आणि तीन दिवस सापडला नाही. त्यांना गप्प बसवायचं म्हणजे पाटाला हसवायचं. पण पितरांच्या पंगतीत भटजींनी बोलायचं नसतं. चांगलं म्हणायचं नाही, वाईट म्हणायचं नाही, हे हवं म्हणून मागायचंही नाही. पितर वाऱ्याच्या रूपाने आलेले असतात. बोललं की जातात.

विघ्नेश्वर भांडी धरत होते आणि ती उजव्या हाताने वाढत होती. मीठ, हशी, सार, भात. भटजींच्या समोर उभं राहून वाढत होती. तिला पान दिसत होतं, भरलं पान, एक फट नसलेलं. ती पुढच्या पानाकडे गेली.

कुणी बोललं नाही. बोलायचं नव्हतंच. पण न बोलण्याचेही प्रकार असतात. जेवणाऱ्यांच्या गप्प बसण्यात भुरके असतात, बोटांचा आवाज असतो. हे तसलं गप्प नव्हतं. हे विहिरीतलं होतं.

मग टक, टक. ईश्वर भट्ट पानावर बोट आपटत होते. कोरड्या केळीच्या पानावर, जिथे काही वाढलेलं नसतं तिथे, असा आवाज येतो. भुवनक्काने पानाकडे पाहिलं. पान भरलेलं होतं. टक, टक. ती पुन्हा पुन्हा पाहत राहिली. बोट दिसेना. नुसता आवाज, पुन्हा एकदा, अगदी हळू, जणू आतून कुणीतरी दार वाजवतंय.

विघ्नेश्वरांनी तिच्या हातातून पळी काढून घेतली. त्यांचा चेहरा तिला दिसला, म्हणजे अर्धा दिसला, आणि तेवढाही बघवेना.

"तू आत जा," ते कुजबुजले. "वडे काढ. इथलं मी बघतो."

त्यांनी तिला कधी जा म्हटलं नव्हतं. ती आत आली. भिंत धरून उभी राहिली. काय दिसलं त्यांना? पानात केस होता? की मीठ जास्त पडलं? पण चव त्यांनी घेतली नव्हती, त्यांनी नुसतं पाहिलं होतं. काय पाहिलं? आता संपलं, तिला वाटलं. आता बंगळूर. आता तो कठडा.

तेव्हा वास आला.

वासाला डावं उजवं नसतं. तो एकदम सगळीकडून आला. तापलेलं, करपतं तेल. तिने उजव्या तोंडाकडे पाहिलं. तिथे पायसाचं पातेलं, मंद निखारे, सगळं ठीक. तेल तर अजून डब्यात असायला हवं. तिने डब्याकडे पाहिलं. डबा रिकामा.

तेल कुणीतरी नेलं होतं. जे पळी नेतं, मीठ नेतं, त्याने आज तेल नेलं आणि पेटवलं. ती कोपऱ्याकोपऱ्यात बघू लागली. फडताळ. हंडा. खिडकी. पुन्हा फडताळ. धूर डोळ्यांत जात होता आणि कुठून येतोय ते कळत नव्हतं. तडतड ऐकू येत होतं, इतकं जवळ की कानाशी कुणी पालापाचोळा चुरगळतंय.

आणि वास बदलला. तेलाच्या खाली आणखी काहीतरी होतं. केस जळताना येतो तसं. कातडं जळताना येतो तसं.

भुवनक्काला एक गोष्ट सुचली आणि ती जागच्या जागी थिजली. आपला हात कुठे आहे?

"भुवने." लीलक्का उंबऱ्याशी आली होती. वासावर आली होती ती. आधी म्हणाली, "काय जाळलंस गं," आणि मग चौकटीतूनच मान खांबापलीकडे ताणून डोकावली, आणि तिचा आवाजच बदलला. "तेल, भुवने. तेल पेटतंय."

"कुठे?"

"डावीकडे गं."

"डावीकडे कुठे?"

"तुझ्या पुढ्यात, बाई. हातभर अंतरावर. हात काढ आधी."

"कुणाचा?"

हजार तिथ्या पाहिलेली, दोनशे सुना रडवलेली लीलक्का, तिला त्या एका शब्दाने सगळं कळलं. तिचं पाऊल उंबऱ्यावर आलं.

"आत येऊ नका," भुवनक्का म्हणाली. "वडे व्हायचेत. बाटलं तर सगळं वाया जाईल. तिथूनच सांगा."

"मेलीस तर वड्यांचं काय करायचंय?"

"सांगा, अत्तिगे."

लीलक्काने उंबऱ्याची चौकट दोन्ही हातांनी धरली आणि नांगराच्या बैलाशी बोलावं तशी बोलू लागली. "मान वळव. आणखी. तुला वाटतंय वळली, वळली नाहीये. आणखी. त्या भिंतीवर माझ्या आईचा फोटो आहे, आठवतो? तो दिसेपर्यंत वळव."

फोटो तिला पाठ होता. ती सासूला शोधत वळली. भिंत सरकत आली, नुसती भिंत, वाटलं आता जग संपलं, यापुढे काहीच नाही. मानेची शीर ताणली. आणि त्या काहीच नाहीच्या काठातून फोटोची चौकट बाहेर आली.

"आता तिथूनच खाली."

कढई तिथे होती. आधी काठ, मग धूर, मग तेलावर लवलवणारी निळी जीभ. आणि चुलीच्या कट्ट्यावर, कढईच्या कडीला टेकून, एक हात पडलेला होता. म्हातारा, गोरटेला, बोटं अर्धी मिटलेली. त्यात तिच्या बांगड्या होत्या. बांगड्यांवरून तिने ओळखला.

तिने तो मनगटाला धरून उचलला, तापलेलं भांडं उचलावं तसा, आणि पदरात टाकला. मग सवयीने हंड्यातला तांब्या घेतला.

"पाणी नको. पाणी टाकलंस तर छप्पर जाईल. परात. उजवीकडे, खुंटीला. मान हलवू नकोस, कढई परत हरवेल. हात लांब कर. वर. आणखी वर. हां."

मान फोटोखाली खिळवून, न बघता, तिने परात काढली. पितळी परात एका हातात पेलत नव्हती. ती तिने छातीशी घेतली आणि अंदाजाने, देवावर फूल टाकावं तशी, कढईवर सोडली. आवाज एवढा झाला की मधल्या खोलीत पितर असतील तर दचकून कुमट्यापर्यंत गेले असतील. पण भटजी हलले नाहीत. पंगत मोडायची नव्हती.

मग लाकडं ओढ. एक. दोन. "तिसरं राहिलं." तीन. धूर निवळला. भुवनक्का खाली बसली तेव्हा तिच्या लुगड्यातून पाणी निथळत होतं. दोन बोटांवर पापडासारखे फोड आले होते. ती त्यांच्याकडे बघत राहिली. दुखत काहीच नव्हतं. तेच सगळ्यात भयंकर वाटलं तिला.

"वडे," लीलक्का म्हणाली. तीही उंबऱ्याबाहेर बसकण मारून होती.

वडे झाले. दुसऱ्या डब्यातलं तेल, उजवं तोंड, छोटी कढई. लीलक्का एकेक मोजून घेत होती, "सोड, उलट, काढ," आणि मधेच नाक ओढत होती. भटजी तोवर हात पानात ठेवून बसले होते. उठता येईना, मागता येईना. ईश्वर भट्टांच्या पुतण्याने नंतर गावभर सांगितलं की वडे येईपर्यंत त्याची दाढी बोटभर वाढली. शेवटी विघ्नेश्वरांनी वाढले, तृप्त झालात का विचारलं, आणि दोघांनी झालो म्हटलं.

हात धुताना ईश्वर भट्टांचं तोंड मोकळं झालं. विहिरीपाशी ते विघ्नेश्वरांना हळूच म्हणाले, पण भुवनक्काने ऐकलं. "हेगडेरे, भाजी आणि पायसाची बाजू आधी रिकामीच ठेवायची, असं काही नवं काढलंत का? दोन्ही पानं मधोमध कापल्यासारखी. मी घाबरलो हो. पंचावन्न वर्षं तिथ्या जेवतोय, अर्धं पान कधी पाहिलं नाही."

दुपारी प्रसन्नचा फोन आला. लीलक्काने घेतला. भुवनक्का भिंतीशी बसली होती, बोटांना लोणी लावून.

"झाली रे, उत्तम झाली," लीलक्का म्हणाली. "ईश्वर भट्ट एकोणीस वडे जेवला. तुझी आयी काय, दोन हातवालीला लाजवील. काही काळजी करू नकोस. राहू दे त्यांना इथे."

हेच ऐकायला भुवनक्का आठ महिने जगली होती. आता ऐकलं, पण सुटल्यासारखं वाटलं नाही. लीलक्का परवा कुमट्याला जाणार. मग पुन्हा ती, चूल, आणि हं म्हणण्याची सवय. आणि ती गोष्ट पुन्हा घरातल्या घरात दबून राहणार. पुढच्या वेळी फोटोकडे वळ म्हणायला उंबऱ्यात कुणी नसणार.

"द्या इकडे," ती म्हणाली.

लीलक्काने डोळे वटारले. भुवनक्काने फोन उजव्या कानाला लावला.

"प्रसन्ना, लीलत्ते खोटं बोलतेय. मला डावीकडचं काही दिसत नाही. चैत्रापासून. आज तेल पेटलं, हात भाजला, मला कळलं नाही."

बंगळूरच्या गाड्यांच्या आवाजातून प्रसन्नचा प्रश्न आला.

"अप्पांना माहीत होतं?"

"आज पानावरून कळलं."

"आयी, अगं..."

"ऐक. तुझ्या घरात मी एकदा गॅलरीच्या कठड्याशी जाऊन उभी होते. तुम्ही झोपला होतात. त्या घरातलं अर्धं मी पाहिलेलंच नाही, तिथे मी रोज मरेन. इथे मला भीती वाटते. पण इथे निदान कशाची वाटते ते माहीत आहे. आता तू ठरव."

तो म्हणाला, शनिवारी येतो. न्यायला की बघायला, ते बोलला नाही. ते तीन दिवस भुवनक्काने कसे काढले ते तिचं तिला माहीत. झोळीत हात घालून ती एका जागी बसून असायची.

शनिवारी आला. जेवला नाही, बसला नाही, तडक स्वयंपाकघरात गेला आणि तिच्या डावीकडे जाऊन उभा राहिला. तिच्या लेखी तो संपला.

"आयी, मी कुठे आहे?"

"ताकाच्या खांबाला टेकलायस. आणि खांब काळा आहे, तुझा सदरा धुवायला मला सांगू नकोस."

मग खांबाकडून त्याचा आवाज आला. एकटीने विस्तव पेटवायचा नाही. अप्पांनी चुलीपाशी बसायचं, सोवळं असो नसो, आणि जे करतील ते तिच्या उजवीकडे येऊन सांगायचं. आणि दुसरं तोंड बंद. हे वर्षभर. मग बघू.

माती तिनेच कालवली, एका हाताने, शेण घालून. सासूने घातलेली चूल होती ती. लीलक्का मान कुठवर वळवायची ते सांगत होती, आणि भुवनक्काने डावं तोंड गळ्यापर्यंत माती भरून लिंपलं. वाळलं तेव्हा तिथे पोतेऱ्याचा गुळगुळीत डाग राहिला. लीलक्का संक्रांतीपर्यंत राहिली. कुमट्याच्या सुनेने तिला न्यायला कुणाला पाठवलं नाही, यावरून काय ते समजा.

भीती मात्र लिंपता येत नाही. अजूनही जेवणं झाली, निखाऱ्यांवर राख ओढली, की भुवनक्का झोळीतून डावा हात काढते, मांडीवर उजव्या अंगाला आणून ठेवते आणि उजव्या हाताने त्याची बोटं एकेक चाचपून मोजते. विघ्नेश्वर समोर बसून असतात. पाच भरली की मग ती उठते.